वाघमारे बाईंचा मुका तास

माझी द्वारका गेली त्याला अजून वर्ष व्हायचं आहे. या दिवसांत माणसं पुष्कळ आली. येतात, बसतात, चहा पितात आणि बोलतात. धीर धरा, पोथी लावा, सुनेच्या हातचं गोड मानून खा. मी चौथी शिकलेला, जन्मभर मंडप-बिछायतीचा धंदा केलेला माणूस. मला गोड बोलता येत नाही. एकाला तर मी तोंडावर म्हणालो, "बाबा, तुझा चहा झाला, आता घरी जा."

या सगळ्यांत एकच बाई अशी आली, जी दारात चप्पल काढल्यापासून पुन्हा घालेपर्यंत एक शब्द बोलली नाही. मला बरं वाटलं ते तेवढ्यानंच. म्हणून तिच्याबद्दल लिहितो. शुद्धलेखन बघणाऱ्यानं पुढं वाचू नये.

वाघमारे बाई आमच्या आखाडा बाळापुरात मुलींच्या शाळेवर आल्या, तेव्हा हिंगोली जिल्हा परभणीतून नुकताच वेगळा निघाला होता. बाई बुटक्या. इतक्या बुटक्या, की फळ्यावर वर तारीख लिहायची तर चवड्यावर उभं राहावं लागे. त्या सवयीनं असेल, पण बाई जरा खुशीत आल्या की टाचा आपोआप उचलायच्या. बाजारात वांगी चांगली मिळाली की टाचा वर. कुणाच्या पोरीला पाढा पाठ आला की टाचा वर. बाजाराच्या गर्दीत लांबून एक डोकं वर-खाली होताना दिसलं की आम्ही समजायचो, बाईंना काहीतरी पसंत पडलं. पोरी त्यांना मागं 'चवडेबाई' म्हणायच्या. बाईंना ते ठाऊक होतं. म्हणायच्या, "म्हणू द्या. चवड्यावर उभी राहणारी बाई वाघ थोडीच मारणार आहे?"

माझ्या दुकानात पहिल्यांदा आल्या त्या अशाच, टाचा उचलून. गल्ल्यामागं बसलेला मी त्यांना दिसत नव्हतो म्हणून असेल.

"मंडपवाले भाऊ, स्टेज पाहिजे, पडदा पाहिजे. माईक नको."

"कीर्तन हाय का?"

"नाही."

"भाषन?"

"अजिबात नाही."

"मंग बाई, माईकबिगर मानूस गोळा कशाला करता? आमच्या गावात भोंगा खरखरल्याशिवाय कोनी मांडी घालत न्हाई."

"बॅले करायचा आहे," बाई म्हणाल्या.

मी म्हणालो, ते काय असतं ते आधी सांगा, मग बांबू काढतो. तेव्हा बाईंनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. शिक्षिकेचं शिकत असताना त्या मामाकडं हैदराबादला गेल्या होत्या. तिथं परदेशी मंडळी आली होती. लहान लेकरांची गोष्ट, पण एकानंही तोंड उघडलं नाही. पोरी पायाच्या बोटांवर उभ्या राहून नाचत होत्या आणि अख्खी गोष्ट पायांनी सांगत होत्या. बाईंच्या शेजारी एक एवढंसं पोरगं आजोबांच्या मांडीवर बसलं होतं. बाईंच्या आधी त्याला गोष्ट कळत होती, आणि तेच आजोबांना समजावून सांगत होतं.

"त्या दिवशी ठरवलं," बाई म्हणाल्या, "आपल्या पोरींचं असं एकदा करायचं. घरातली सगळी येऊन बसतील असं. तोंड मिटलं की पाय बोलतात, भाऊ."

हे त्यांचं नेहमीचं वाक्य. आणि ते नुसतं म्हणण्यापुरतं नव्हतं. शनिवारचा शेवटचा तास त्यांनी 'मुका तास' ठेवला होता. त्या तासाला वर्गात कुणी बोलायचं नाही, बाईंनीसुद्धा. पाणी पाहिजे, पेन्सिल हरवली, शेजारची चिमटा काढते, सगळं हातापायांनी सांगायचं. एकदा मी शाळेचा भोंगा दुरुस्त करायला गेलो होतो, तेव्हा वरून एक साहेब तपासणीला आले. विचारतात, "काय चाललंय?" वर्ग गप्प. एका पोरीनं त्यांच्या बुटांकडं बोट दाखवलं, मग दाराकडं. साहेबांनी बूट काढले. दुसरीनं सतरंजी झटकून बसायची खूण केली. साहेब बसले. तिसरीनं त्यांच्या पोटाकडं बघून हात तोंडाशी नेला, जेवलात का म्हणून. साहेबांनी मान हलवली. तास संपेपर्यंत ते तसेच बसले, मग हात जोडून निघाले, आणि फाटकातून परत आले. तपासणी राहिली होती.

मी घरी येऊन हे सांगून हसायला लागलो, तर द्वारका म्हणाली, "आवं, काहून हसून राहिले? ती बाई शानी हाय. या घरात एक तास मुका ठेवला असता, तर माझं निम्मं काम झालं असतं."

तेव्हापासून दोघींचं जमलं. द्वारका शिवणकाम करायची. बाई संध्याकाळी यायच्या, मशीनजवळ बसायच्या, आणि दोघी माझ्या जुन्या कनाती कात्रीनं कापायच्या. निळ्या कनातींचे सात समुद्र केले. बारदानाचे दगड केले. हिरव्या झालरीचा पोपट. मी बोंबललो, "धंद्याचा माल हाय तो!" द्वारका म्हणाली, "उंदरांनी खाल्ला तवा न्हाई बोंबलले."

गोष्ट सगळ्यांना ठाऊक असलेलीच घेतली होती. राक्षस गावातल्या लेकरांचे दगड करतो, आणि त्याचा जीव असतो सात समुद्रांपलीकडच्या पोपटात. कुणीतरी जातं, पोपट शोधतं, त्याची मुंडी मुरगाळतं, राक्षस मरतो, लेकरं उठतात. आमच्याकडं रात्री जेवायला मागं-पुढं करणाऱ्या प्रत्येक लेकराला ही गोष्ट सांगितलेली असते. फक्त बाईंच्या खेळात राजपुत्र नव्हता, राजकन्याच जाणार होती. मी विचारलं, राजपुत्र कुठं गेला? बाई म्हणाल्या, "लाजला. पोरांच्या शाळेत विचारलं, एक तयार होईना."

पण पोरी तरी कुठं मिळत होत्या? पोरीला स्टेजवर नाचवायचं म्हटल्यावर बाप लोक अंगावर आले. त्यांचे पुढारी दादाराव. पांढऱ्या मिशा, हातात काठी, गावात शब्दाला वजन. त्यांची नात ठकी बाईंच्या वर्गात होती. शाळेच्या ओसरीवर बैठक बसली. मी स्टेजची जागा मोजायला गेलो होतो, तो ऐकत थांबलो.

दादाराव म्हणाले, "बाई, पोरी शाळेत घातल्या त्या शिकायला. उद्या लोक म्हनतील, दादारावची नात फडावर चढली."

"दादा, पंचमीला तुमच्या घरच्या बाया काय खेळतात?"

"फुगडी खेळतात. झिम्मा. पिंगा."

"घरात?"

"घरात कशाला? देवळाम्होरं. समद्या गावात."

"मग तेच करणार आहे. फुगडी, झिम्मा, पिंगा. त्याच्या बाहेरचा एक पाय टाकणार नाही. ढोलकी आणणार नाही. तांड्यावरच्या बाया होळीला थाळी वाजवतात, ती वाजेल, आणि फुगडीत बाया तोंडानं ठेका धरतात, तो धरू. यात फड कुठं आला?"

दादारावांनी मिशी ओढली. मग त्यांनी जे म्हटलं, ते खरं होतं. "फुगडीला कोनी शिट्ट्या मारत न्हाई, बाई. स्टेजला मारतात."

बाईंच्या टाचा खाली आल्या. मग म्हणाल्या, "एक जरी शिट्टी वाजली, तर पडदा तिथंच पाडायचा. पुन्हा या गावात मी पोरगी स्टेजवर चढवणार नाही. मुका तास बंद, सगळं बंद. नुसतं पुस्तक शिकवीन."

"ध्यानात ठेवतो."

"ठेवा. मीही ठेवते."

द्वारकानं हे ऐकलं तेव्हा कपाळाला हात लावला. "बाई, काहून अशी अट घातली हो? आपल्या गावची पोरं शिट्टी मारल्याबिगर जांभई देत न्हाईत."

"अट घातली नसती तर पोरी मिळाल्या नसत्या, द्वारकाताई."

पोरी मिळाल्या. राजकन्या झाली सोनी, तांड्यावरची. तिची आई थाळी वाजवायला येऊन बसायची. सोनीचे पाय थाळीवर असे पडायचे, की मी बांबू उभा करता करता थांबायचो. राक्षस कोण होणार? उंच, आडवा माणूस गावात एकच, गिरणीवाला बाबू. त्याला ठेका काही केल्या पकडता येईना. थाळी एकीकडं, बाबू दुसरीकडं. बाईंनी त्याला बाजूला घेतलं आणि विचारलं, "बाबूभाऊ, तुमचं इंजिन कसं वाजतं?" बाबू म्हणाला, "पुक, पुक, पुक." "मग थाळी ऐकूच नका. पोटात गिरणी चालू करा आणि या." दुसऱ्या दिवसापासून बाबू बराबर यायला लागला. ओठ हलताना दिसायचे, पुक पुक पुक. अंगावरचं पीठ पावला-पावलाला उडायचं. राक्षस शोभून दिसायचा.

आणि पोपट झाली ठकी. दादारावांची नात, सर्वांत लहान, सर्वांत आगाऊ. ज्वारीवरची पाखरं राखायला आजोबांबरोबर शेतात बसून बसून ती दोन बोटांनी शिट्टी मारायला शिकली होती. अशी मारायची की रस्त्यावरचा ट्रकवाला मागं वळून बघायचा. बाईंनी पहिल्याच दिवशी तिला बजावलं होतं, शाळेच्या आवारात शिट्टी नाही.

तालमीत गोष्ट शेवटाला आली. सोनी ठकीची मुंडी धरायला गेली आणि ठकीनं भोकाड पसरलं.

"म्या काहून मरू? लेकरं राक्षसानं नेली अन् मुंडी माझी? म्या काय केलं?"

सगळे हसले. बाईही हसल्या. मग हसता हसता थांबल्या आणि ठकीकडं बघत राहिल्या. "बराबर आहे तिचं," म्हणाल्या. "समोर एवढी एवढी लेकरं बसणार. त्यांच्यासमोर पाखराची मान मोडायची? शेवट बदलू. पोपट सोडून द्यायचा."

बाबू घाबरला. "मंग म्या मरायचं का न्हाई?"

"नाही, बाबूभाऊ. तुमचा जीव कोंडलेला होता, म्हणून तुम्ही राक्षस होतात. सुटला, की तुम्ही आपले गिरणीवाले. लेकरं तुमच्या खांद्यावर बसतील."

बाबूला ते फार आवडलं. तसंही कुणी त्याच्या खांद्यावर बसत नसे, पीठ लागतं म्हणून.

मग बाईंनी सोनीला शेवटची खूण शिकवली. ठकीनं पंख मिटून सोनीच्या पाठीमागं बसायचं. सोनीनं छातीशी दोन्ही हातांची ओंजळ मिटायची, आत काहीतरी धडधडतंय अशी. "आणि सोडताना फेकायचं नाही," बाई म्हणाल्या. "नुसतं उघडायचं. जाणारं आपलं आपण जातं."

द्वारका मशीन थांबवून ते बघत होती. घरी गेल्यावर तिनं स्वयंपाकघरात एकटीनं तशी ओंजळ करून बघितली. मी दारातून पाहिलं. मला हसू येत होतं.

खेळाच्या संध्याकाळी शाळेचं मैदान भरलं. एकीकडं बाप्ये, एकीकडं बाया, पुढं लेकरांचा ढीग. शिट्टीची अट गावभर झाली होती. तरणी पोरं एकमेकांच्या तोंडाकडं बघून राहिली होती. एकानं तर उपरण्याचा बोळा तोंडात धरला होता. दादारावांनी पुढची खुर्ची घेतली आणि उलटी फिरवली. स्टेजकडं पाठ, लोकांकडं तोंड. कोण शिट्टी मारतो ते बघायला. मी पडद्याच्या दोरीशी होतो, बाई माझ्या शेजारी. माईक नको म्हणाल्या होत्या, पण हाताची सवय. मी एक माईक स्टेजच्या फळ्यांखाली बांधून ठेवला होता. बाबूनं पहिलं पाऊल टाकलं, आणि गडगडाट झाला. मला वाटलं बाई खेकसतील. त्यांनी टाचा उचलल्या.

लोकांना पहिल्यांदा काही समजेना. एक म्हातारी नातवाला सांगत होती, "थांब रं, आता बोलतील." कुणी बोलेना. मग लोकच बोलायला लागले. "आरं, आपला बाबू हाय तो!" "लेकरं दगड केली बघ, दगड!" निळ्या कनाती हलल्या तशी लेकरं ओरडली, "पानी! पानी!" सोनी एकेक समुद्र फुगडी घालत ओलांडत होती, आणि बायांच्या बाजूनं तोंडाचा ठेका आपोआप सुरू झाला. बघता बघता दादारावांची खुर्ची थोडी तिरपी झाली. मग आणखी थोडी. पाचव्या-सहाव्या समुद्रापर्यंत ती पूर्ण स्टेजकडं फिरली होती.

सोनीच्या ओंजळीत पोपट आला, आणि घोटाळा झाला. गोष्ट सगळ्यांना पाठ. बाप्यांच्या बाजूनं एकजण ओरडला, "मुरगाळ मुंडी!" मग सगळेच. "मुरगाळ! मुरगाळ!" लेकरंसुद्धा. सोनी गडबडली. ओंजळ घट्ट मिटून ती आमच्याकडं बघायला लागली. पाठीमागं ठकीचं तोंड रडवेलं झालं होतं.

मी म्हणालो, "बाई, सांगा की तिला!"

बाईंनी ओठांवर बोट ठेवलं. चवड्यावर उभ्या, डोळे सोनीवर, पण तोंड मिटलेलं. एवढ्या मेहनतीचा खेळ मोडायला आला होता, आणि बाई स्वतःचा नेम मोडेनात.

तेव्हा बायांच्या बाजूनं एक आवाज आला. "सोड गं! सोड तिला, माय!"

द्वारका उभी राहिली होती. चार बाप्यांसमोर कधी मोठ्यानं न बोललेली माझी बायको. डोक्यावरचा पदर खांद्यावर आलेला. "सोड गं!" मग तिच्या शेजारची बोलली, मग तिच्यामागची. इकडून मुरगाळ, तिकडून सोड. हळूहळू इकडचा आवाज बसला.

सोनीनं ओंजळ उघडली. फेकली नाही, नुसती उघडली.

ठकी सुटली. हिरवे पंख पसरून सगळ्या स्टेजवर भिरभिरली, पार कडेला आली, आणि त्या आनंदात पोरीनं दोन बोटं तोंडात घातली. अशी शिट्टी मारली, की फळ्यांखालच्या माईकमधून ती भोंग्यात शिरली आणि बाजारपेठेपर्यंत ऐकू गेली.

माझ्या हातात दोरी. मी बाईंकडं बघितलं. त्यांच्या टाचा जमिनीला टेकल्या होत्या, आणि चेहरा असा उतरला होता की मला बघवेना. त्यांनी पडदा पाडायची खूण केली. बाईंचा शब्द म्हणजे शब्द. मी दोरी सोडली नाही. सगळं गाव दादारावांकडं बघत होतं.

दादाराव काठी टेकत उठले. लोकांकडं वळले. "काय बघून राहिले? पोपटाची शिट्टी हाय ती. पोपट शिट्टी मारनार न्हाई, तर काय बैल मारंल?" मग काठी वर करून म्हणाले, "मानसानं मारली तर मातर तंगडं मोडीन."

असा हशा मी कोणत्या तमाशालाही ऐकला नाही. बारदानाखालचे दगड उठले, बाबूच्या अंगावर चढले. एक दगड झोपी गेला होता, त्याला बाबूनं तसाच खांद्यावर घेतला. माझ्या शेजारी बाई एवढ्या उंच झाल्या होत्या की डोळ्याला डोळा भिडला.

त्यानंतर बाई गावात होत्या तोवर दर वर्षी खेळ झाला. पुढं त्यांची बदली सेनगावकडं, साखऱ्याला झाली. मग रिटायर होऊन त्या हिंगोलीत राहायला गेल्या. ठकी आता नर्स आहे. पेशंटसमोर शिट्टी मारते की नाही, ते विचारलं नाही.

द्वारका थोडक्या दुखण्यानं गेली. मशीन खिडकीशी होतं तसंच राहिलं. सुईखाली तिनं अर्धं शिवलेलं झबलं, नातवासाठीचं, पिवळं. सून एकदा म्हणाली, "मामा, पूर्ण करू का?" मी तिच्यावर ओरडलो. पुन्हा कुणी त्या मशीनला हात लावला नाही.

मग बाई आल्या. केस पांढरे, गुडघे दुखतात हे चालीवरून दिसत होतं. आल्या आणि मशीनजवळच्या त्यांच्या जुन्या जागेवर बसल्या. मी सुरू केलं, "बाई, काय सांगू, शेवटी शेवटी..." त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. मुका तास. मग मीही गप्प बसलो. किती वेळ ते माहीत नाही. सुनेनं भाकरी वाढली, बाईंनी खाल्ली, हातानंच छान झाल्याचं सांगितलं. मला इतक्या दिवसांत पहिल्यांदा जेवण गेलं.

उठायच्या आधी त्यांनी त्या झबल्याकडं बघितलं. मग छातीशी ओंजळ मिटली. बराच वेळ धरली. आणि उघडली.

मी म्हणालो, "ते जमनार न्हाई मला."

बाईंनी मान हलवली. राग नाही, आग्रह नाही. चप्पल घातली.

मी स्टँडपर्यंत सोडायला गेलो. हिंगोलीची गाडी लागली होती. बाई खिडकीशी बसल्या. गाडी हलली तशी त्यांनी खिडकीतून दोन्ही हात बाहेर काढले, ओंजळ मिटली, आणि पुन्हा उघडली. मला काय झालं कुणास ठाऊक. स्टँडवरच्या सगळ्या लोकांसमोर मी दोन बोटं तोंडात घातली आणि जोर लावून फुंकलं. दात राहिले नाहीत. नुसती हवा गेली, फुस्स. शेजारचा केळीवाला बघायला लागला. खिडकीत बाई मात्र तोंड दाबून हसत होत्या, आणि गाडी वळेपर्यंत त्यांचं डोकं खिडकीत वर-खाली होत होतं. बसल्या जागी टाचा उचलल्या असणार.

घरी आलो. सुनेला म्हणालो, "मशीनला तेल घाल. झबलं शिवून टाक लवकर. पोरगं वाढून राहिलंय, मंग ते कोनाला येनार?"